रामटेकची एक जागा आणि संसदेची परिभाषा

नागपुराहून पन्नासएक किलोमीटरांवर, ईशान्येच्या अंगास, रामटेकची टेकडी आहे. माथ्यावर रामचंद्राचें मंदिर, पायथ्याशीं अंबाळ्याचा तलाव, आणि जवळच नगरधन, म्हणजे वाकाटकांची जुनी राजधानी नंदिवर्धन. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ‘मेघदूतां’तील रामगिरि तो हाच, असें प्रतिपादन केलें आणि विदर्भांतील रसिकांनीं तें मत अभिमानानें उचलून धरलें. शापित यक्षानें येथूनच आषाढांतील मेघाला दूत नेमलें व आपला निरोप दूरच्या अलकानगरीस धाडला. काव्यांतील गोष्ट काव्यांत शोभते. परंतु १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून रामटेक आणखी एक दूत दूरच्या राजधानीस धाडीत आलें आहे. लोकसभेंतील एक जागा या गांवाच्या नांवानें ओळखली जाते.

मात्र मेघ आणि खासदार यांत एक मोठें अंतर आहे. मेघाला निरोप दिलेला होता. त्यानें तो पोंचवावयाचा, एवढेंच त्याचें काम. खासदाराला मतदार निरोप देत नाहींत, मत देतात. आणि दिल्लीस पोंचल्यावर खासदार जें देतो त्यालाही मतच म्हणतात. मतदाराचें मत आणि सभासदाचें मत हीं दोन मतें एकच कीं वेगळीं? पहिलें मतपेटींत पडल्यावर दुसऱ्यावर हक्क कोणाचा उरतो: मतदाराचा, सभासदाचा, कीं त्याच्या पक्षाचा? नभोवाणीच्या बातम्यांत ‘पक्षादेश’, ‘गणसंख्या’, ‘आवाजी मतदान’, ‘विशेषाधिकार’, ‘तहकुबी’ असे शब्द रोज कानीं पडतात. सुशिक्षित घरांतही ते बहुधा कानांवरूनच जातात. वस्तुतः यांपैकीं बहुतेक शब्द या एका प्रश्नाभोंवतीं घडलेले आहेत, आणि रामटेकच्या जागेचा इतिहास असा विलक्षण कीं त्यांतील कितीतरी शब्दांचा अर्थ त्या एकाच जागेवर उलगडून दाखवितां येतो.

शब्दांच्या जन्माचा शोध घ्यावयाचा तरी रामटेककराला फार दूर जावयास नको. १९३७ पासून नागपूरच्या कायदेमंडळाचें अध्यक्षपद भूषविणारे घनश्यामसिंह गुप्त हेच भारतीय संविधानाचें हिंदी भाषांतर करणाऱ्या समितीचे प्रमुख होते. त्याच काळांत लाहोरहून नागपुरास येऊन राहिलेले डॉ. रघुवीर संस्कृत धातूंपासून शासनव्यवहाराची परिभाषा रचीत होते. २४ जानेवारी १९५० रोजीं संविधानसभेच्या सदस्यांनीं इंग्रजी प्रतीबरोबर हिंदी प्रतीवरही सह्या केल्या, त्यामागें अशा मंडळींचे श्रम होते. ‘धा’ या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लावला कीं ‘विधि’, ‘विधान’, ‘विधेयक’, ‘विधायक’ आणि ‘संविधान’ असें एक अख्खें कुटुंब उभें राहतें. विधेयक म्हणजे अद्याप करावयाचा कायदा, आणि अधिनियम म्हणजे झालेला कायदा. दोन्ही सभागृहांची संमति व राष्ट्रपतींची अनुमति मिळाली म्हणजे पहिल्याचें दुसरें होतें. मराठीला हा उद्योग नवा नव्हता. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें ‘राज्यव्यवहारकोश’ झाला होता, आणि १९३१ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध करविला होता. तरीही मराठी माणसानें जुने शब्द सोडले नाहींत. ‘गणसंख्येअभावीं सभा तहकूब झाली’ या छोट्याशा वाक्यांत संस्कृताशेजारीं अरबी-फारसी वळणाचा शब्द निःशंक बसला आहे, आणि त्यांत कोणाला कांहीं खटकत नाहीं. गणसंख्या म्हणजे सभा भरली असें म्हणण्यापुरती किमान उपस्थिति; संविधानानें ती एकूण सदस्यांच्या एक-दशांश ठरविली आहे. पांचशेंहून अधिक सभासदांच्या सभेंत पंचावन्न जण बसले तरी देशाचा कायदा होऊं शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतही नसते.

एका शब्दाचा घोंटाळा मात्र अद्याप चालू आहे. लोकसभेच्या प्रमुखाला पुष्कळ मराठी लेखक सवयीनें ‘सभापति’ म्हणत आले. संविधानाच्या परिभाषेंत लोकसभेचा तो ‘अध्यक्ष’. ‘सभापति’ हा राज्यसभेचा, आणि तें पद उपराष्ट्रपतीकडे असतें. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे मूळचे कोंकणांतील मराठी घराण्याचे, अहमदाबादेस वाढलेले वकील. १९४६ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष म्हणून ते निवडले गेले ते ६६ विरुद्ध ६३ मतांनीं. अध्यक्ष एरवीं मत देत नाहीं. दोन्ही बाजूंस समान मतें पडलीं तरच तो आपलें निर्णायक मत देतो. १९२८ सालीं सार्वजनिक सुरक्षितता विधेयकावर अशी बरोबरी झाली, तेव्हां अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनीं आपलें मत सरकारच्या विरुद्ध टाकलें आणि परकीय सत्तेचें तें विधेयक त्या दिवशीं पडलें. अध्यक्षाचें मत कोणाचेंच नसावें म्हणून तें झांकून ठेवावयाचें, आणि अगदींच अडलें म्हणजे बाहेर काढावयाचें, अशी ही योजना.

आतां मतदारसंघ. रामटेक हें नांव टेकडीखालच्या गांवाचें असलें तरी २००८ च्या रचनेप्रमाणें या मतदारसंघांत काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. नकाशावर पाहिलें तर नागपूर शहराभोंवतीं कडें घातल्यासारखा हा प्रदेश दिसतो. लोकसंख्या पाहून अशा सीमा आंखण्याच्या कामाला परिसीमन म्हणतात. कोणत्या राज्याला किती जागा, हा हिशेब मात्र १९७१ च्या जनगणनेवर गोठविलेला. १९७६ च्या दुरुस्तीनें तो प्रथम गोठविला आणि पुढें २००१ च्या दुरुस्तीनें २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविला. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना जागा गमावून शिक्षा होऊं नये, हा त्यामागचा विचार. परंतु त्यामुळें एका राज्यांतील मताचें वजन आणि दुसऱ्या राज्यांतील मताचें वजन यांत अंतर पडत गेलें, हेंही नाकारतां येत नाहीं. २००८ च्या परिसीमनानें रामटेकची जागा अनुसूचित जातींसाठीं राखीव झाली. ‘राखीव’ शब्दाविषयीं एक गैरसमज आढळतो. येथें राखीव असते ती उमेदवारी. मत सर्वांचेंच असतें. पृथक् मतदारसंघ आणि राखीव जागा यांतला हा भेद पुणें कराराच्या वेळेपासून, म्हणजे १९३२ पासूनचा आहे.

रामटेकचें नांव देशभर झालें तें १९८४ सालीं. आंध्र प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव त्या वर्षीं दोन ठिकाणांहून उभे राहिले: आपल्या वरंगळ भागांतील हनमकोंडा येथून आणि रामटेकहून. घरच्या मतदारांनीं त्यांना पाडलें. त्या निवडणुकींत भारतीय जनता पक्षाला सगळ्या देशांत दोनच जागा मिळाल्या, त्यांतली एक हनमकोंड्याची. रामटेकनें मात्र त्यांना निवडून दिलें. राव यांनीं कायद्याचें शिक्षण नागपुरास घेतलें होतें, मराठी त्यांना अस्खलित येत होतें, आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीचा ‘अबला जीवितम्’ हा तेलुगु अनुवाद त्यांच्याच हातचा. तेव्हां ते अगदींच परके नव्हते. पण कायद्याला या आपुलकीचीही गरज नव्हती. लोकसभेच्या उमेदवारानें देशांतील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असलें कीं पुरतें. संविधानाच्या दृष्टीनें सभासद रामटेकचा नसतो. तो रामटेकहून आलेला, पण सगळ्या देशाचा असतो. एका उमेदवारानें किती ठिकाणीं उभें राहावें यावर तेव्हां बंधन नव्हतें. दोनची मर्यादा १९९६ सालीं आली. दोन्हीकडे निवडून आल्यास एक जागा सोडावी लागते आणि तेथें पोटनिवडणूक होते.

राव रामटेकचे सभासद म्हणून सभागृहांत बसले आणि पहिल्याच अधिवेशनांत, १९८५ च्या जानेवारी अखेरीस, बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. संविधानाला दहावें परिशिष्ट जोडलें गेलें. पक्षांतरबंदीचा कायदा म्हणतात तो हाच. १९६७ नंतर कित्येक राज्यांत आमदारांनीं इतक्या वेगानें पक्ष बदलले कीं सरकारें पत्त्यांच्या बंगल्यासारखीं कोसळलीं. त्यावरचा हा उपाय. ज्या पक्षाच्या नांवावर निवडून आला तो पक्ष सभासदानें आपखुषीनें सोडला, किंवा पक्षादेश मोडून मत दिलें वा मत देण्याचें टाळलें, तर त्याची जागा जाते. पक्षानें पंधरा दिवसांच्या आंत क्षमा केली तरच वांचते. पक्षादेश बजावणाऱ्या सभासदाला ‘प्रतोद’ म्हणतात. प्रतोद म्हणजे चाबूक. इंग्रजांचा शब्द शिकारीच्या कुत्र्यांना कळपांत राखणाऱ्या माणसावरून आला. संस्कृत शब्द सारथ्याच्या हातांतील. कुत्र्यांपेक्षां घोडे बरे, एवढीच काय ती सुधारणा.

या कायद्यानें फुटीर वृत्तीला आळा बसला, परंतु पूर्णपणें नाहीं. मूळ तरतुदींत एक-तृतीयांश सभासद एकदम फुटले तर त्यांस अपात्रता नव्हती. म्हणजे एकट्यानें गेला तो अपराधी, आणि टोळीनें गेले ते तत्त्वनिष्ठ. ती पळवाट २००३ च्या दुरुस्तीनें बंद झाली आणि दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी उरली. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. पूर्वीं सभासद वादविवाद ऐकून मत बनवीत असे, निदान तशी कल्पना तरी होती. आतां मत सभागृहाबाहेर ठरतें. भाषणें त्यानंतर होतात. सभासदाचें मत पक्षाचें झालें, याला कायद्याचाच शिक्का मिळाला.

मग मतदारसंघाचा म्हणून सभासदाकडे काय उरतें? उरतो प्रश्नोत्तरांचा तास आणि त्यापाठोपाठचा शून्य प्रहर. प्रश्नावर तारा असेल, म्हणजे तो तारांकित असेल, तर मंत्र्यानें उभें राहून तोंडी उत्तर द्यावयाचें आणि उपप्रश्नांना तोंड द्यावयाचें. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतें. प्रश्नासाठीं पंधरा दिवसांची सूचना लागते. शून्य प्रहर मात्र नियमांच्या पुस्तकांत जन्मलेला नाहीं. प्रश्नांचा तास संपून दिवसाचें कामकाज सुरू होण्यापूर्वीं सभासद तातडीचे विषय ओरडून मांडूं लागले, त्या गोंधळालाच १९६० नंतरच्या दशकांत हें नांव पडलें आणि पुढें शिस्त आली. गांवचा रखडलेला पूल, बंद पडलेली गाडी, संत्र्यांवरची कीड, असल्या गोष्टींना वाट मिळते ती येथेंच. येथें प्रतोदाचा चाबूक चालत नाहीं. सभासद थोडा वेळ कां होईना, दूत होतो.

१९८९ सालीं रामटेकनें राव यांना पुन्हा निवडलें, पण या वेळीं त्यांचा पक्ष १९७ जागांवर थांबला. सर्वांत मोठा पक्ष असूनही तो विरोधी बाकांवर गेला आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांचें सरकार भाजप व डावे पक्ष यांच्या ‘बाहेरून पाठिंब्या’वर उभें राहिलें. हा शब्द संविधानांत कोठेंही नाहीं. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकपणें जबाबदार राहील, एवढेंच संविधान सांगतें; ही जबाबदारी मोजण्याचें माप म्हणजे विश्वास. विरोधक मांडतात तो अविश्वासाचा ठराव, आणि तो दाखल करून घेण्यास पन्नास सभासदांचें पाठबळ लागतें. पंतप्रधान स्वतः मांडतो तो विश्वासदर्शक ठराव. ७ नोव्हेंबर १९९० रोजीं सिंह यांनीं तो मांडला आणि १४२ विरुद्ध ३४६ मतांनीं गमावला. त्यानंतर चंद्रशेखर यांचें सरकार चार महिनेही टिकलें नाहीं, आणि १३ मार्च १९९१ रोजीं लोकसभा विसर्जित झाली.

तहकुबी, सत्रसमाप्ति आणि विसर्जन या तिहींची वृत्तपत्रांत नेहमींच सरमिसळ होते. तहकुबी अध्यक्ष करतो आणि त्यानें फक्त बैठक थांबते. सत्रसमाप्ति राष्ट्रपति करतात आणि त्यानें अधिवेशन संपतें. विसर्जनानें मात्र लोकसभाच संपते. तिच्यापुढें पडून राहिलेलीं विधेयकें मरतात, आणि सभासद एका क्षणांत सामान्य नागरिक होतात. राव यांचें रामटेकचें सभासदत्व असेंच, मुदतीच्या निम्म्याहून अधिक काळ शिल्लक असतां, संपलें. सभा जाते, पण सरकारचा खर्च थांबत नाहीं. म्हणून त्या मार्चमध्यें पुऱ्या अर्थसंकल्पाऐवजीं लेखानुदान घेतलें गेलें. पगार, निवृत्तिवेतनें, रेल्वे, सैन्य यांसाठीं कांहीं महिन्यांपुरता पैसा लोकसभेनें मोकळा करून देणें, याला लेखानुदान म्हणतात. लोकसभेच्या मताशिवाय तिजोरींतून पैसा निघत नाहीं. सभेचें खरें बळ या एका नियमांत आहे.

त्या वर्षींच्या निवडणुकीस राव उभे राहिले नाहींत. रामटेकहून नागपूरच्या भोसले घराण्यांतील तेजसिंहराव निवडून आले. २१ मे रोजीं राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर एक महिन्यानें, २१ जून १९९१ रोजीं, राव पंतप्रधान झाले. त्या दिवशीं ते संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सभासद नव्हते. संविधान अशा मंत्र्याला सहा महिन्यांची सवलत देतें. राव यांनीं नोव्हेंबरांत आंध्रांतील नंद्यालची पोटनिवडणूक प्रचंड मताधिक्यानें जिंकली आणि मुदत पाळली. त्यांच्यामागें बहुमत मात्र नव्हतें. जुलैमध्यें त्यांनीं विश्वासदर्शक ठराव जिंकला तो विरोधकांतील एक मोठा गट मतदानापासून दूर राहिला म्हणून. येथें ‘बहुमत’ या शब्दाची खोंच कळते. साधें बहुमत एकूण सभासदांचें नसून उपस्थित राहून मत देणाऱ्यांचें असतें. जो मत देत नाहीं, तो मोजलाच जात नाहीं. आणि तरीही त्याच्या गप्प बसण्यानें सरकार तरतें.

संविधानदुरुस्तीला मात्र हें पुरत नाहीं. तेथें मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचें बहुमत, असें विशेष बहुमत लागतें. दुरुस्ती केंद्र व राज्यें यांच्या अधिकारांस वा तत्सम कांहीं ठराविक कलमांस स्पर्श करीत असेल, तर निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यताही. ग्रामपंचायतींना घटनेंत स्थान देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती १९९२ च्या डिसेंबरांत संमत झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली, ती याच अल्पमतांतील सरकारच्या काळांत. विरोधकांच्या मतांवांचून हें घडणें शक्यच नव्हतें. त्याच एप्रिलमध्यें निरनिराळ्या खात्यांसाठीं सतरा स्थायी समित्या निघाल्या. समितींत पक्षादेश नसतो, प्रेक्षक नसतात. विधेयकाचें एकेक कलम आणि खात्याचा एकेक रुपया तेथें निवांतपणें तपासला जातो. संसदेचें पुष्कळसें चांगलें काम असें बंद दाराआड होतें, आणि बातमी होते ती दारापुढच्या आरडाओरड्याची.

यानंतर आला २८ जुलै १९९३. अविश्वासाच्या ठरावावर मतविभागणी झाली. सभागृहांत प्रथम होतें आवाजी मतदान, म्हणजे ‘होय’ आणि ‘नाहीं’ यांचा आवाज ऐकून अध्यक्ष कौल सांगतो. कोणी त्याला आव्हान दिलें तर मतविभागणी होऊन डोकीं मोजलीं जातात. ठरावाच्या बाजूनें २५१, विरुद्ध २६५. चौदा मतांनीं सरकार वांचलें. पुढें असा आरोप झाला, आणि खटलाही उभा राहिला, कीं झारखंड मुक्ति मोर्चाच्या व इतर कांहीं सभासदांचीं मतें पैसे देऊन मिळविलीं होतीं.

त्या खटल्यांत ‘विशेषाधिकार’ हा शब्द देशाला नव्यानें शिकावा लागला. संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदाप्रमाणें संसदेंत केलेल्या भाषणाबद्दल वा दिलेल्या मताबद्दल कोणत्याही सभासदावर कोणत्याही न्यायालयांत कारवाई होऊं शकत नाहीं. हें संरक्षण इंग्लंडांत राजाच्या रोषापासून सभासद वांचावेत म्हणून शतकांपूर्वीं मिळविलेलें. भाषणस्वातंत्र्यासाठीं बांधलेल्या या भिंतीआड पैसे घेणाराही लपूं शकतो काय? १९९८ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं तीन विरुद्ध दोन असा निर्णय दिला: लांच देणाऱ्यांना संरक्षण नाहीं, घेऊन मत देणाऱ्यांना आहे. एका सभासदावर पैसे घेतल्याचा आरोप होता पण त्यानें मतच दिलें नव्हतें, म्हणून त्याला संरक्षण मिळालें नाहीं. म्हणजे ज्यानें सौदा पुरा केला तो सुटला, आणि ज्यानें केला नाहीं तो अडकला. कायद्याच्या काटेकोर वाचनानें असल्या जागीं पोंचतां येतें, याचें याहून बोलकें उदाहरण विरळाच. स्वतः राव यांना २००० सालीं कनिष्ठ न्यायालयानें दोषी ठरविलें आणि २००२ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें निर्दोष सोडलें. हें नमूद न करणें अन्यायाचें होईल.

राव यांच्या सरकारला पुढें १९९३ च्या अखेरीस जनता दलांतून फुटलेल्यांमुळें बहुमत लाभलें, आणि सरकारनें पांच वर्षें पुरीं केलीं. बेरजेचा हा खेळ किती बारीक होऊं शकतो हें १७ एप्रिल १९९९ रोजीं दिसलें. अटलबिहारी वाजपेयींचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मतानें पडला. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनीं आपली खासदारकी अद्याप सोडली नव्हती. तेही येऊन मत देऊन गेले. त्या सभेंत रामटेकची जागा काँग्रेसच्या चित्रलेखा भोसले यांच्याकडे होती. पांचशें त्रेचाळीस जागांपैकीं कोणतीही एक जागा दुसऱ्या बाजूस असती तर देशाचा पुढचा काळ निराळा गेला असता.

१९९९ व २००४ या दोन्ही निवडणुकांत रामटेकला शिवसेनेचे सुबोध मोहिते निवडून आले. वाजपेयींच्या मंत्रिमंडळांत ते मंत्रीही होते. २००७ सालीं त्यांना पक्ष बदलावयाचा होता. दहाव्या परिशिष्टानें एकट्याला पळवाट ठेवलेली नव्हती. म्हणून त्यांनीं जागेचा राजीनामा दिला, काँग्रेसमध्यें गेले आणि त्याच जागेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. मतदारांनीं शिवसेनेच्या प्रकाश जाधवांना निवडलें. कायद्याला हवा होता तो मार्ग हाच: मन बदललें तर मत परत करावें, आणि ज्यांचें होतें त्यांच्याकडे पुन्हा मागावें. दिलें तर ठीक. रामटेकनें त्या वेळीं दिलें नाहीं.

४ मार्च २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं एकमुखानें १९९८ चा निर्णय मोडीत काढला. लांच घेतली कीं अपराध पुरा झाला. मग मत कसें दिलें, किंवा दिलेंच नाहीं, याला महत्त्व नाहीं. आणि लांच घेणें हा संसदेच्या कामकाजाचा भाग नसल्यामुळें त्याला विशेषाधिकाराचें कवच नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. तें प्रकरण ज्या सभासदांपासून निघालें त्यांतल्या एका घराण्यांतील सीता सोरेन यांच्याच दाव्यावर हा निर्णय झाला. राव यांचें निधन २००४ सालींच झालें होतें.

या निर्णयानंतर दीड महिन्यानें, १९ एप्रिल रोजीं, रामटेकमध्यें मतदान होतें. काँग्रेसनें रश्मि बर्वे यांना उमेदवारी दिली होती. जागा राखीव, उमेदवाराचें जातप्रमाण वैध असावयास हवें. अर्जांच्या छाननीच्या वेळींच त्यांचें वैधता प्रमाणपत्र रद्द झालें आणि अर्ज फेटाळला गेला. पुढें त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें प्रमाणपत्र रद्द करण्याचा तो निर्णय बाजूला सारला, पण तोंवर निवडणूक होऊन गेली होती. अशा प्रसंगासाठीं पक्ष एक पर्यायी अर्ज भरून ठेवतात. तो त्यांचे पति श्यामकुमार बर्वे यांचा होता, आणि तेच उमेदवार झाले. समोर शिवसेनेचे राजू पारवे. ते उमरेडचे काँग्रेसचे आमदार होते आणि आमदारकीचा राजीनामा देऊन मार्चमध्येंच त्या पक्षांत आले होते. ४ जूनला मोजणी झाली. बर्वे पाऊण लाखाहून अधिक मतांनीं निवडून आले. त्यांच्या नांवापुढें लोकसभेच्या यादींत आतां ‘रामटेक’ असें लिहिलें गेलें, आणि कंसांत दोन अक्षरें: ‘अ. जा.’